बघू म्हणायचं नाही

८ नोव्हेंबर
हे काय शिकवतायत आम्हाला! आज अख्खा तास — माणसाला नोकरीवरून काढायचं कसं! मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, माणसं जोडायला शिकवतील. इस्त्री सर — कपड्यांनाच काय, चेहऱ्यालाही सुरकुती नाही म्हणून हे नाव — शांतपणे सांगत होते: पहिल्याच वाक्यात निर्णय. समोर पाण्याचा ग्लास. सांगून झालं की गप्प बसायचं. आणि 'बघू' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "बघू म्हणजे खोटी आशा. त्यापेक्षा सरळ नाही म्हटलेलं बरं."

प्रात्यक्षिक परीक्षा यावरच आहे.

९ नोव्हेंबर
बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी नापासच की!" खरंच! गळका नळ — बघू. आईला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात मेट्रनची जागा मिळतेय, सगळ्यांनी तिकडे जायचं का — बघू. गेल्या वर्षी अशीच एक जागा बघू-बघूमध्ये गेली. तेव्हा आई चिडून म्हणाली होती, मी एकटीच निघून जाईन. तर बाबा पेपरातून डोकं वर न काढता — "बघू!" किती हसलो होतो आम्ही. आईसुद्धा.

१३ नोव्हेंबर
सराव. आई कर्मचारी, मी साहेब. "तुमची जागा कमी केली आहे. निर्णय झालाय, तो बदलणार नाही." आई नुसती बघत राहिली आणि मी लगेच विरघळले — सॉरी, सॉरी! ती म्हणाली, "मला बसू दे तिकडे." मग तिनं म्हणून दाखवलं. आई गं! एकदाही अडखळली नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करायला जाऊन जास्तच पैसे देऊन येणारी माझी आई!

नंतर विचारते, "आणि समोरचा 'बघू' म्हणाला तर?"

मी म्हटलं, "तर काही नाही. आपलं सांगून झालेलं असतं."

१७ नोव्हेंबर
आई भांडी घासताना पुटपुटत होती — निर्णय झालाय, तो बदलणार नाही. माझ्यापेक्षा तिलाच पाठ!

२१ नोव्हेंबर
धडधडीत नापास! समोर कर्मचारी म्हणून ग्रंथालयातले शिपाईकाका बसवले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "घरी काय सांगू, बाई?" आणि माझ्या तोंडून निघालं — "बघू हं, काका." सरांनी पेन खाली ठेवलं. बाबांची लेक, दुसरं काय!

घरी येऊन ढसाढसा रडले. बाबा म्हणाले, "परत देता येत असेल की परीक्षा. बघू."

२२ नोव्हेंबर
चहाची वेळ. टेबलावर कप नव्हते. बाबांसमोर पाण्याचा ग्लास, आणि आई ताठ बसलेली.

"मी ती जागा घेतली आहे. एक तारखेपासून मी तिकडे राहणार. एकटी. निर्णय झालाय, तो बदलणार नाही."

बाबा हसले. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं... बघू."

आई गप्प.

बाबांनी ग्लास रिकामा केला. मी आणखी पाणी आणायला उठले, तर आई म्हणाली, "बस तू. त्यांचं ते घेतील."