विमानतळावर राहिलेला नारळ

रविवार संध्याकाळ, फ्लॅट बुश

आलो बाई घरी! इथली थंडी चुकवायला विनूने आम्हाला मेक्सिकोतल्या एका छोट्याशा समुद्रगावी नेलं होतं. काय ते ऊन! नातीबरोबर मीसुद्धा पाण्यात शिरले. निघताना तिथल्या म्हाताऱ्या घरमालकिणीने माझ्या पदरात नारळ घातला. तिला बिचारीला काय ठाऊक? हे गेल्यापासून नऊ वर्षांत माझी ओटी कुणी भरली नव्हती. विमानात नारळ मांडीवरच होता. इथे उतरल्यावर तपासणीवाल्याने काढून घेतला, नियमच आहे म्हणे. मीच उगाच दाखवला का? विनू म्हणाला, “आई, नारळासाठी रडतेस? उद्या ढीगभर आणतो.”

आता ह्याला काय सांगू...

म्हटलं, “आण हो, चटणी करू.”