तळहाताचा अंदाज

९ जानेवारी

कोट जळाला. वकीलबाईंचा, काळा, लोकरीचा. पाठीवर बरोब्बर इस्त्रीच्या आकाराचा डाग. आमच्या इस्त्रीच्या दुकानात एकतीस वर्षांत पहिल्यांदा!

धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी दोन दिवस तिच्याकडे होते. परत येऊन बघते तर हे इस्त्रीच्या टेबलाशी बसलेले. "लक्ष नव्हतं," एवढंच म्हणाले. वकीलबाईंनी जळका कोट तसाच घडी करून नेला, तेच जास्त लागलं. जेवताना भाताशी खेळत म्हणाले, "आणखी एकदा असं झालं तर दुकान बंद करतो."

हे दुकान बंद करून करणार काय? घरी बसून माझं डोकं खाणार.

१० जानेवारी

धाकटीचा फोन. "भावोजी थकलेत गं ताई. कधी दोघं मिळून गेलात का कुठे?" आठवून पाहिलं. कुणाच्या लग्नालासुद्धा नाही! एकाने दुकान सांभाळायचं, एकाने अक्षता टाकून यायचं. ती म्हणाली, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला जा, हाडं मोकळी होतील.

१२ जानेवारी

दारावर पाटी लावली — आठवडाभर बंद. हे तीनदा मागे जाऊन शेगडी विझलीय ना ते बघून आले.

१३ जानेवारी

दर स्टेशनावर थांबणारी गाडी. घाई कुणालाच नव्हती, गाडीला तर मुळीच नाही. बाहेर सगळं पांढरं. इतका बर्फ मी आयुष्यात पाहिला नव्हता! कुंपणं बुडालेली, नुसते खांब वर. हे मात्र समोरच्या प्रवाशाची कॉलर न्याहाळत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इस्त्री उलट्या बाजूने केलीय." मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी हसलो दोघं.

उतरलो आणि मी थक्क झाले. रस्त्याच्या कडेच्या गटारातून वाफ येत होती. वर हाडं गोठवणारी थंडी, आणि पायाखाली पाणी उकळतंय! जन्मभर आपण शेगडी पेटवतोय, निखारे फुंकतोय — आणि इथे जमीन आपली आपण तापते, कुणालाही न विचारता. हे टोपी काढून उभेच राहिले. मी ओढून नेलं नसतं तर अजून तिथेच असते.

१४ जानेवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

इथे तीन कुंडं आहेत. एक कोमट, एक गरम, आणि तिसरं दोरी बांधून बंद केलेलं, कारण ते थेट झऱ्यावर आहे. मी कपडे ठेवून येईपर्यंत हे दोरीखालून वाकून आत! काठावर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडलेले, चेहरा अगदी शांत. कुंडावरची बाई ओरडत धावली, "अहो काका, पाय काढा, सोलून निघतील!" तर हे म्हणतात, "बरंय की पाणी."

तिने ओढून काढलं. पाय लालबुंद. नशीब, फोड नाही आले.

गावातल्या डॉक्टरांनी मलम लावलं. मग सुई घेऊन आधी पायाची, मग हाताची बोटं टोचली. "हे कळतंय?" नाही. "हे?" नाही. हे माझ्याकडे बघेनात. डॉक्टर म्हणाले, घरी गेल्यावर रक्त तपासून घ्या. शिवाय सगळा जन्म इस्त्रीशी गेलाय, हात असे होऊ शकतात. गेलेलं परत येईल याची खात्री नाही.

म्हणजे लक्ष नव्हतं हे खोटं होतं.

१५ जानेवारी

दुपारी यांनीच विषय काढला.

"बोटं बधिर होऊन वर्ष झालं असेल."

"मग इस्त्री तापली की नाही ते कसं कळायचं?"

"तुझ्याकडे बघून."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. टेबलाच्या पलीकडे मी उभी असते. शेगडीवरची इस्त्री आधी मी उचलते, तळहात जवळ नेते. "तुझी डावी भुवई वर गेली की अजून तापायचीय. नाही गेली की झाली. मग मी माझी उचलतो." माझी भुवई वर जाते हे मलाच ठाऊक नव्हतं! आणि ते दोन दिवस मी धाकटीकडे. टेबलापलीकडे कुणीच नाही.

आधी मी चिडले. मग रडले. इतकी वर्षं माझी तक्रार होती की हा माणूस मान वर करून माझ्याकडे बघत नाही. आणि हे वर्षभर, दर शर्टाला, दर पँटीला माझं तोंड वाचतायत! झऱ्याचं पाणीसुद्धा यापुढे काही नाही.

सांगून टाकलं — दुकान चालू राहणार. आजपासून दोघांच्याही इस्त्र्या मी बघणार, आणि तोंडाने सांगणार. यांनी मान हलवली. मग पोटभर जेवले.

१६ जानेवारी

दिवसभर बर्फ. हे झोपले, मी खिडकीशी. छान दिवस.

१७ जानेवारी

आज कुंडाशी गेलो. हे म्हणाले, "आधी तू बघ." मी ऐटीत हात पाण्यात घातला आणि सवयीने यांच्या तोंडाकडे बघितलं. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. दोघंही थांबलो. पाणी कोमट की गरम, माझ्या हाताला काही सांगता येईना. तेव्हा लक्षात आलं — टेबलाशीही मी हेच करते. तळहात नेते, यांच्याकडे बघते, हे निर्धास्त दिसले की इस्त्री टेकवते.

मग वर्षभर इस्त्री तापलीय हे कळत होतं कुणाला?