सासूबाईंची समई आणि माझी केमिस्ट्री

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९
सौ.ला पुण्याच्या एसटीत बसवून आलो. उत्कर्षाच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, म्हणून ही मदतीला गेली. बुधवारी, बाराला परत. शुक्रवारी, चौदाला निरवांगीत, हिच्या माहेरी, माझ्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध. तिथं त्यांच्या फोटोपुढं त्यांचीच समई लावायची, हे हिनं त्या गेल्या तेव्हाच ठरवलंय. पितळी, कमरेएवढी, लग्नात त्यांनी हिला दिलेली. सध्या काळी ठिक्कर.
एसटी हलता हलता खिडकीतून ओरडली, समईला हात लावू नका, मी आल्यावं चिंच-मीठ लावून घासते.
बायको अमुक करू नका म्हणते, तेव्हा तिला तेच व्हायला हवं असतं. चौतीस वर्षांचा अनुभव आहे.
संकल्प: समई आरशासारखी करून तिला चकित करणे.

४ फेब्रुवारी. सकाळी १०
चिंच हा अडाणी मार्ग. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होतो. प्राध्यापक आले, गेले. बाटल्या नुसत्या वासावरून ओळखणारा मी एकटा. चिंचेत असतं काय? ॲसिड. मग थेट ॲसिडच का नको? संडास साफ करायची बाटली घरात आहे. समईचे आटे सोडवले, तिन्ही तुकडे टबात बुडवले. फक्त दहा मिनिटं.
दुपारी २. दहा मिनिटं होताहेत तोच शेजारचे मोहनराव आले. उसाच्या तोडीवर बोलत बसले. ते गेल्यावर जेवलो. जरा पडतो.
सायंकाळी ५. समई गुलाबी झाली आहे.

५ फेब्रुवारी
जस्त विरघळलं, तांबं वर राहिलं. निरीक्षण म्हणून उत्तम. समई म्हणून नाही.
विटेची भुकटी, राख, लिंबू, तारेची घासणी, सगळं झालं. आता गुलाबीवर पिवळे पट्टे. मोहनराव डोकावून म्हणाले, वहिनींनी नवी आणली वाटतं, छान हाय पण रंग उडतोय. त्यांना चहा दिला नाही.

६ फेब्रुवारी
भांड्यांच्या गल्लीत बिरदेवकडे गेलो. त्याचं बफिंगचं, म्हणजे घासून चकाकी आणायचं मशीन आहे. समई बघून म्हणाला, तात्या, आसिडात घातली व्हय? मी म्हटलं, हवामानाचा परिणाम. मग म्हणाला, तळाला ठिपक्या-ठिपक्याचं नाव हाय, ठिवू का जाऊ दे? मी म्हटलं, सगळीकडून सारखी चकचकीत पाहिजे. निर्णय ताबडतोब घेणं हा माझा पहिल्यापासूनचा गुण.

७ फेब्रुवारी. सकाळी ११
समई आणली. सोनं! तिच्यात स्वतःचं तोंड बघून दाढी केली. चिंचेनं हे होत नसतं.
दुपारी ३. एक आठवलं. दर दिवाळीला सौ. समई घासते, उलटी करते आणि तळावरून अंगठा फिरवते. मला वाटायचं, कुठं चिकट राहिलंय का बघते.
तळ कोरा करकरीत आहे.

८ फेब्रुवारी
भांड्यांवर नाव घालतात, हे कुणालाही माहीत असतं. काय नाव घातलंय, हे ज्याच्या घरात भांडं असतं त्यालाही माहीत नसतं. निदान मला नाही.
मेहुण्याला, शंभूराजला निरवांगीला फोन केला. म्हणाला, दाजी, कासाराकडं आई एकटीच गेलती, काय घातलं ते आक्कालाच ठावं. मग उत्कर्षाला गुपचूप विचारलं. ती म्हणाली, थांबा, आईलाच देते. मी फोन कट केला आणि रेंज नव्हती असा मेसेज टाकला. लग्नाचा अल्बम काढून भिंगानं पाहिला. फोटोत समई तळावर उभी आहे. अर्थातच.
पुन्हा बिरदेव. म्हणाला, दिसाला पन्नास भांडी येत्यात, मी काय वाचीत न्हाय. पण एकच शबुद हुता बगा.
एकच शब्द कसा असेल? बिनभरवशाचा साक्षीदार.

९ फेब्रुवारी, रविवार
जेवण गेलं नाही. हे आयुष्यात प्रथमच घडलं, म्हणून नोंद करतो. सासूबाई गेल्या तेव्हा ही फार रडली नव्हती, फक्त घरी येऊन समई पुसत बसली होती. ते आज का आठवावं?
देवा, एवढ्यातून सोडव. पुन्हा बाटलीला हात लावणार नाही. शास्त्राचं नावही काढणार नाही.
सायंकाळी. डोकं शांत ठेवून विचार केला. लग्नातलं भांडं. म्हणजे घेणारीचं नाव, देणारीचं नाव आणि सप्रेम भेट. दुसरं काय असणार? घेणारी, सौ. सुनयना. हे नाव मीच ठेवलं, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून. हिचं माहेरचं नाव फारच गावठी होतं, ते मी बोहल्यावरूनच मोडीत काढलं. देणारी, सासूबाई, म्हणजे शकुबाई. प्रश्न सुटला. शास्त्र सोडायची गरज नाही.

१० फेब्रुवारी
दुकानात आता नाव विजेच्या पेननं घालतात, ठिपके कुणी मारत नाही. म्हणून घरीच खिळा आणि हातोडी घेतली. ‘सौ.’ झकास आलं. ‘सु’ला तळाला पोचा आला. समई आता मोहनरावांच्या घराकडे झुकते.

११ फेब्रुवारी
शेवटी विजेचं पेन. ‘सौ. सुनयना विजयसिंह हीस आई शकुबाईकडून सप्रेम भेट.’ अक्षर इतकं सुरेख की मूळचं याच्यापुढं काय असणार! फक्त फार नवं दिसत होतं, म्हणून वर चिंच चोळली. तळाखाली पुठ्ठ्याची घडी. आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

१२ फेब्रुवारी. सायंकाळी ७
आली. पिशवी खाली ठेवली, समई बघितली. उलटी केली, अंगठा फिरवला, वाचलं. मग आत जाऊन चहा केला. मलाही दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.
चहा संपल्यावर म्हणाली, आईला लिव्हता येत न्हवतं. कासारानं इचारलं काय घालू, तर ती म्हणली, झुंबर. तेवढंच घाल. सासरी गेली की नाव बदलत्यात, एका जागी तरी पोरीचं नाव ऱ्हाऊ दे.
आणि म्हणाली, आई गेल्यापास्नं त्या नावानं हाक मारायला कुणीच न्हाय. शंभू आक्का म्हणतो. तुमी तर कायच म्हणत न्हाय.
बिरदेवचा एक शब्द. माझ्याकडून चूक झाली, असं आज पहिल्यांदाच लिहितोय. तिला मात्र म्हणता आलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
वर्षश्राद्ध पार पडलं. पुठ्ठ्याच्या घडीवर समई नीट उभी राहिली. सगळे म्हणाले, सोन्यागत झळकतीया, कुणी घासली? ही म्हणाली, ह्यांनी.
आवराआवरीच्या वेळी ती सासूबाईंच्या फोटोपुढं ताट उचलत होती. मी मागं दारात होतो. म्हटलं, आता तरी. घसा खाकरला आणि हाक मारली, झुंबर.
ती गर्रकन वळली. तोंडभर हसत वळली. चौतीस वर्षांत असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. दारात इकडंतिकडं बघितलं, आणि मग मी दिसलो.
तुमी व्हय, म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.