चूल पेटव

तात्या, सकाळपासून माझी नुसती चिडचिड चाललीय आणि ती कुणावर काढायची तेच कळत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोलणी तुम्हीच खा.

भूकंप झाला तो दिवस आठवतो? आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, भवानीनगरला कारखान्याच्या आपल्या चाळीत अजून गुलाल सांडलेला. मावशी दिलेली लातूरकडं. इंदापूरहून एसटीनं आलेला शेजारी दारातूनच ओरडला, "तिकडं एक घर उभं न्हाय वो! समदी गेली!" आईनं हंबरडा फोडला. तव्यावर भाकरी होती, तशीच तिनं चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. बायका जमल्या, कुणी सुतकाच्या आंघोळीचं पाणीही काढलं. तेवढ्यात तुम्ही पाळी संपवून आलात. मला वाटलं, आता तुम्हीही रडाल. तर तुम्ही कोनाड्यातला रेडिओ काढून उंबऱ्यावर ठेवलात आणि विचारलंत, "रेडिओवर गावाचं नाव घेतलं का?"

"आवो, माणूस सांगून गेला की!" आई म्हणाली.

"त्यो काय तितं गेलता? इंदापूरच्या स्टँडवर ऐकलंय त्यानं. बातम्यांत कळंल तवा रडू. तवर पोरं उपाशी ठिवू नगंस. चूल पेटव."

तिनं नाही पेटवली. ओली राख बाजूला सारून, घरभर धूर करत तुम्हीच पेटवलीत. काय दगडाच्या काळजाचा माणूस आहे, असं वाटलं मला. मग संध्याकाळी बातम्या लागल्या आणि तुम्ही पुढ्यातलं ताट सरकवून रेडिओला कान लावलात. बाई एकेक गाव वाचतेय, आवाज चढत नाही की रडवेला होत नाही. मावशीचं गाव आलं. घरं पडलीत, माणसं वाचलीत. आई मटकन खाली बसली. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या बांधून तुम्ही निघालात, ते मावशीला आणि तिच्या लहानग्याला घेऊनच परत आलात.

तो लहानगा आता ट्रक चालवतो. परवा कोल्हापूरकडं पूर आला आणि दुपारी फोनवर त्याचा हार घातलेला फोटो आला, माझ्या भाच्यानं पाठवलेला. ट्रक पुलावरून वाहून गेला म्हणे. टीव्हीवर एक जण पाण्यात बुडणारा कुठला तरी ट्रक परत परत दाखवून किंचाळत होता. एका चॅनलवर दोन मेले, दुसऱ्यावर वीस. घरातला गॅस बंद झाला. एवढ्या म्हाताऱ्या आईनं डोक्यावरून गार पाणी घेतलं. संध्याकाळी आईला त्याचाच फोन. "मावशी, रडतीस कशाला? रेडिओवर पूल बंद सांगितला, म्हनून आदीच थांबलोय की मी."

आज आई तापानं फणफणलीय. मघाशी डोळे न उघडता म्हणाली, "त्येंनी चूल इझू दिली नसती."

म्हणून राग येतो तुमचा. रेडिओ ठेवून गेलात, पण थांबायची सवय तेवढी सोबत घेऊन गेलात. लेकीला का नाही लावलीत? फोनवर चिडले, टीव्हीवर चिडले, फोटो पाठवणाऱ्या भाच्याला फाडफाड बोलले. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला काय हरकत आहे? परवा भात अर्धा शिजला होता, आणि गॅस मीच बंद केला.