दारावरचा माणूस

प्रिय आशेर,

फोनवर तू विचारलंस, नाटकाचं वाचन कसं झालं, आणि मी ‘बरं झालं’ म्हणून फोन ठेवून दिला. राग मानू नकोस. रविवारच्या त्या वाचनापासून माझं डोकं सुन्न आहे. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

त्या ज्यू थिएटरने माझं नाटक निवडलं तेव्हा तू हसला होतास. तिथे आपल्याला सफाईवाले समजतात म्हणाला होतास. पण तिथली संचालिका शुलामित भारी खमकी निघाली. साठीची, ठेंगणी, सतत पेपरमिंट चघळणारी. यंदा हट्टाने तिने एक इथिओपियाच्या ज्यूंचं, एक येमेनी ज्यूंचं आणि एक आपल्यासारख्या इथल्याच काळ्या ज्यूंचं, अशी तीन नाटकं घेतली. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं म्हणे, हार्लेममधल्या काळ्या कुटुंबाची गोष्ट ज्यू नाटक कशी काय? तिने सुनावलं, “त्यातली आजी दर शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावते आणि सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवते. आणखी काय हवंय तुम्हाला?” सगळे हसले आणि नाटक पास झालं.

वाचनाला दीडशे माणसं होती. आजीच्या बोलण्यावर पोट धरून हसली. मग तो प्रसंग आला. चौऱ्याहत्तर सालची योम किप्पूरची, उपास-प्रायश्चित्ताची संध्याकाळ. पपा आपल्या दोघांना घेऊन प्रार्थनेला त्या मोठ्या सिनेगॉगमध्ये गेले आणि हातात जागेची तिकिटं असूनही दारावरच्या तरुणाने आत सोडलं नाही. तेव्हा मी चार वर्षांची, पपांच्या खांद्यावर झोपलेले. मला ठाऊक आहे ते सगळं पपांकडून. तू त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस.

वाचनानंतर चर्चा होती. तिसऱ्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. मला वाटलं, आता नेहमीचाच प्रश्न येणार, तुम्ही धर्म कधी बदललात म्हणून. ते म्हणाले, “दारावरचा तो माणूस मी आहे.”

शुलामितचं चघळणं थांबलं. ते उभ्यानेच सांगत राहिले. नाव हर्शेल व्हाइनस्टॉक, तेव्हा वय सव्वीस. तिकिटं कुणाची चोरलीत, असं त्यांनी पपांना तोंडावर विचारलं होतं. हे पपांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. आणि पुढचं बहुधा पपांनाही ठाऊक नसावं. पपा पायऱ्या उतरून गेले, पण त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा मागे थांबला. हात पुढे करून तो म्हणाला, “तुमचं नवं वर्ष चांगलं जावो.” व्हाइनस्टॉकनी तो हात हातात घेतला नाही.

त्या माणसाला काय काय सुनवायचं ते मी आयुष्यभर घोकलं होतं. पण मी रंगमंचाच्या कडेला बसले. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, “तुझी माफी मागत नाही, पोरी. तू झोपली होतीस.”

पुढच्या बुधवारी पुन्हा योम किप्पूर आहे. माणसाचा अपराध माणसाकडेच न्यावा लागतो, देव त्यात पडत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. पपा राहिले नाहीत, म्हणून व्हाइनस्टॉकनी तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. द्यायचा की नाही ते तू ठरव. पण त्यांच्याआधी तुझी माफी मागायची माझी पाळी आहे. तू सिनेगॉगची पायरी चढत नाहीस म्हणून मी तुला वर्षानुवर्षं नास्तिक म्हणून हिणवलं. आपलं कुणी ऐकत नाही म्हणून जगाशी भांडले आणि माझ्या नाटकात तुझ्या तोंडी एक वाक्य दिलं नाही. त्यातला मुलगा नुसता रडतो. मी तुला न विचारता तसं लिहिलं. शुलामित म्हणते, प्रसंग नव्याने लिही, लोक हादरतील. मी तिला सांगितलं, तो प्रसंग माझा नाही, माझ्या भावाचा आहे. आधी त्याची माफी मागते, मग लिहू का ते विचारते.

तुझीच,
केझाया