डाव्या कोपऱ्यातली खडी

॥ श्री ॥
हडपसर, पुणे
३ ऑक्टोबर १९९९

चि. योगेश यास बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पोचल्याचं पत्र मिळालं. न्यू जर्सीत तांदूळ मिळतो हे वाचून मुक्ता आत्याला हायसं वाटलं. तिच्या समजुतीप्रमाणे तिकडं माणसं पावावरच जगतात. ती पुलगावहून आली आहे, थंडी संपेपर्यंत राहील. तू कौंडण्यपूरहून आणलेली तीर्थाची बाटली देव्हाऱ्यात ठेवली आहे. आत्या रोज अंघोळीनंतर त्यातलं थेंबभर तळहातावर घेऊन पिते आणि म्हणते, पोरानं जायच्या घाईतही आईच्या अस्थी आपल्या वर्धेच्या पाण्यात पोचवल्या. माझे गुडघे धड असते तर मीच गेलो असतो. तू गेलास, मला फार बरं वाटलं. हे तोंडावर सांगणं जमलं नाही, म्हणून लिहितो.

आता काळजीची गोष्ट. तुझ्या आईच्या माशांचं काही खरं नाही. महिन्यात तीन गेले, उरली आहे ती एंजलची जोडी, तिच्या हातून खाणारी. मी पाण्याचा पीएच काढला. नळाचं पाणी सात, टाकीतलं सव्वाआठ. फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब टाकले की संध्याकाळी सात होतो, सकाळी पुन्हा आठ. तीस वर्षं साखर कारखान्यात उसाचा रस सातावर धरून ठेवला, आणि ही दोन हात लांबीची टाकी मला जुमानत नाही! टाकी तुम्ही दोघं सांभाळायचात, मी फक्त नावं ठेवायचो. आता तिचं म्हणून जिवंत असं एवढंच उरलं आहे. ही जोडी गेली तर मला या घरात राहवणार नाही. काय करू ते लवकर कळव.

प्रकृतीला जप, लोभ आहेच.
तुझे बाबा

एडिसन, न्यू जर्सी
१७ ऑक्टोबर १९९९

ती. बाबांना योगेशचा शि. सा. नमस्कार. ती. आत्यालाही नमस्कार.

बाबा, आधी ॲसिड बंद करा. मासे आठ सहन करतात, पण रोज सातावरून आठावर आणि परत, हे त्यांना झेपत नाही. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवा म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जाईल. आईनं ठेवलेला शंख बाहेर काढा, शंखशिंपल्यांचा चुना विरघळतो. जंगली बदामाची वाळलेली पानं टाकीत सोडा, त्यानं पाणी नरम पडतं. आणि सगळं एकदम करू नका. एक बदल करायचा, चार दिवस थांबायचं, मग दुसरा. आम्ही प्रोग्रॅममधला बग असाच शोधतो.

एक मात्र करू नका. तळाची खडी ढवळू नका. पाणी साफ ठेवणारे जिवाणू तिथंच राहतात. डाव्या कोपऱ्याला तर हातच लावू नका, तिथं आईनं लावलेल्या रोपाची मुळं आहेत.

इथं दोन हजार सालाच्या भीतीनं सगळ्यांची झोप उडाली आहे. फेब्रुवारीपर्यंत रजा मिळणं शक्य नाही.

आशीर्वाद असू द्यावेत.
आपला योगेश

हडपसर
४ नोव्हेंबर १९९९

चि. योगेश यास अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मुक्ता आत्या आणि मी पिशवी घेऊन बदामाची पानं वेचत फिरलो. लोकांना वाटलं असेल, म्हातारा-म्हातारीला पेन्शन पुरत नाही. टाकीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं. पीएच आठाच्या खाली मात्र उतरला नाही. शंख काढला, तरी आठ. आणि परवा जोडीतला एक गेला. उरलेला दिवसभर काचेला तोंड लावून उभा असतो. मासा गेला त्या दिवशी आत्यासुद्धा जेवली नाही. यंदा दिवाळी तर नाहीच आपल्याकडे.

पाणी सोडणाऱ्या सोनबाला विचारलं, सोसायटीत टँकर येतो का. त्याचं म्हणणं, पानी तेच हाय, तुमच्या टाकीतच कायतरी हाय. माणूस अडाणी असेल, पण बोलला शास्त्रशुद्ध. मी नळाचं तेच पाणी पानं घालून बादलीत चार दिवस ठेवलं. सात ते सातच. तेव्हा बादली निर्दोष, टाकी दोषी. शंख गेला, उरली खडी. येत्या आठवड्यात ती उपसून व्हिनेगर टाकून बघतो. फेस आला तर चुनखडी.

तुझ्या जिवाणूंनी मला क्षमा करावी. बाकी क्षेम.
तुझे बाबा

एडिसन
१६ नोव्हेंबर १९९९

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

आत्ताच पत्र वाचलं. घाईत लिहितो आहे. बाबा, कृपा करून खडी उपसू नका. उरलेला मासाही दगावेल. हवं तर तो दुकानात देऊन या, टाकी तशीच झाकून ठेवा. फेब्रुवारीत आलो की मी स्वतः सगळं बघतो. एवढं माझं ऐका. फोन केला तर तुम्ही आवाज ऐकू येत नाही म्हणून ठेवून देता, म्हणून पुन्हा पुन्हा लिहितो, डावा कोपरा राहू द्या.

राग नसावा.
योगेश

हडपसर
३० नोव्हेंबर १९९९

योगेश,

तुझं पत्र यायच्या आधीच मी खडी काढली होती. वरच्या दहा मुठी व्हिनेगरमध्ये टाकल्या, फेस नाही. मग डाव्या कोपऱ्यात गेलो. तुझ्या आईच्या जांभळ्या पातळाचा तुकडा निघाला, चार पदरी, वर दोरा गुंडाळलेला. आत काय होतं ते तुला ठाऊक आहे. हाडाचा चुना ओळखायला मला व्हिनेगर लागत नाही.

पुडी खाली ठेवली. मग उठून देव्हाऱ्यातली बाटली काढली. आमच्या कौंडण्यपूरच्या घाटाच्या पाण्यात साबणाला धड फेस येत नाही, याच पाण्यानं मी लहानाचा मोठा झालो. बाटलीतल्या पाण्यात साबणाच्या दोन थेंबांत फेस आला. हे पाणी खडकवासल्याचं. तू मला पुण्याच्या नळाचं पाणी तीर्थ म्हणून दिलंस, आणि माझी सत्तर वर्षांची बहीण ते रोज डोळे मिटून पिते आहे. वर तिकडची म्हणून संत्र्याची बर्फीही आणली होतीस! कुठून घेतलीस?

अस्थींचं एक वेळ सोड. मी पहिलं पत्र लिहिलं, त्याच दिवशी तुला कारण माहीत होतं. तरी तू मला शंख काढायला लावलास, पानं वेचायला लावलीस. तुझ्यावर विश्वास ठेवून मी चार-चार दिवस थांबत बसलो, आणि त्या थांबण्यात तिचा मासा मेला. बाप मूर्ख आहे हे तुला ठाऊक असेल, पण तो किती आहे हे मोजायला एवढा खटाटोप कशाला?

काय ते लिही.
रंगनाथ

एडिसन
१२ डिसेंबर १९९९

ती. बाबा,

मी कौंडण्यपूरला गेलो नाही. ते दोन दिवस माझा मित्र अभिनव याच्या खोलीवर होतो. बाटली त्याच्या नळावर भरली, बर्फी पुणे स्टेशनसमोर घेतली.

आईनं दवाखान्यात मला सांगितलं होतं. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. ती म्हणाली, कौंडण्यपूरला मला नेऊ नका. लग्नानंतर तिथं चार वेळा गेले, चारही वेळा पाहुणी म्हणून. जन्म कारखान्याच्या क्वार्टरांत गेला, आज इथं, उद्या तिथं. या घरात पहिल्यांदा मनानं काही आणलं ते ही टाकी. त्यातच मूठभर ठेव. मी म्हटलं, बाबांना सांगू. ती म्हणाली, ते आधी नाही म्हणतील आणि मग कारण शोधतील. मग तिनं माझ्याकडून शपथ घेतली. बाकीची राख मी हडपसरजवळच्या मांजरी गावच्या पुलावरून नदीत सोडली. पुडीनं टाकीचं पाणी बिघडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा कळलं, आणि लिहायचं धैर्य झालं नाही. पुडी बाहेर काढायला सांगू तर तिची शपथ मोडते, न सांगू तर तिचे मासे मरतात. मी काहीच केलं नाही, हेच माझं चुकलं.

तुम्ही म्हणाल ती शिक्षा कबूल.
योगेश

हडपसर
२ जानेवारी २०००

चि. योगेश,

जग बुडालं नाही, तुमचे कॉम्प्युटरही चालू आहेत असं पेपरात वाचलं. आता रजा मागायला हरकत नसावी.

तुझ्या आईचा स्वभाव तू बरोबर लिहिला आहेस. मी नाहीच म्हणालो असतो. पण चौतीस वर्षांच्या संसारात मला नाही म्हणायची संधी तरी द्यायची होती. बावीस दिवस मी तिच्या उशाशी होतो. एवढं महत्त्वाचं बोलायला तिनं मी औषधं आणायला जायची वाट पाहिली, हे मला गिळवत नाही. तुझ्यावरचा राग आज ना उद्या जाईल. तिच्याशी भांडायची आता सोय नाही.

टाकीचं सांगतो. धाकटी टाकी आणून जुनीच्या शेजारी ठेवली. नवी खडी, नळाचं पाणी, पीएच सात, हलत नाही. एंजल तिच्यात आहे. आठ दिवस तोंड लावलं नाही, परवा माझ्या बोटातून खाल्लं. पुडी होती तशी बांधून जुन्या टाकीत डाव्या कोपऱ्यात परत ठेवली. त्या पाण्यात काळे मोली मासे सोडले आहेत, त्यांना जड पाणीच मानवतं असं दुकानदार म्हणाला. एका टाकीत तिचा मासा, दुसऱ्या टाकीत ती. दोघांना एकत्र ठेवणं मला जमलं नाही.

आत्याला मी काही सांगितलेलं नाही. ती अजून रोज थेंब घेते. काल तिनं मलाही तळहात पुढं करायला लावला, तुझ्या आईचं नाव घेऊन म्हणाली, विजयमालेच्या नावानं घे. मी घेतला आणि प्यालो. बाटली तळाला गेली होती. आज ती भाजी आणायला गेली तेव्हा मी ती नळाखाली धरून भरली, पुसून देव्हाऱ्यात ठेवली. 

लोभ आहे, तो काही जात नाही. बाकी जमेल तेव्हा ख्यालीखुशाली कळवत जा, पण खरी असेल तीच.

तुझे बाबा