होडीत ऐकलेली गोष्ट

उमरी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. समीक्षा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहायची सवय, पेन तिथंच येऊन थांबतं. वर्ष झालं तरी हाताला कळत नाही. असो.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण आता या वयात तो नाही दुखणार तर काय नाचणार आहे? सोयाबीन निघालं, भिजलं नाही एवढी देवाची कृपा. गाईला कालवड झाली. कपाळावर पांढरा टिक्का आहे, शिवांगीला सांग. कालवडीचं नाव ठेवायचं काम नातीसाठी राखून ठेवलंय. शेजारची साखराबाई रोज विचारती, "सून कवा येती?" मी म्हणते, "येईल की बाई, तिला काय पाय न्हाईत का?" असं म्हणून आत येते आणि पदरानं डोळे पुसते. तुझ्यापासून काय लपवायचं.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर आसिफचं नाव निघालं की तू फोन ठेवतीस. म्हणून शिवांगीच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली आणि लिहायला बसले. मधेच राग आला तर बाजूला ठेव, पाणी पी, पण पुरं वाच. एवढं माझं ऐक.

नागपंचमीला माहेरी गेलीस, तेव्हा दारात म्हणालीस, "आई, या घरात एकतर आसिफ येईल, न्हाईतर मी." मी काय बोलणार होते? ज्याला वाचवायला माझा दयानंद पाण्यात गेला, त्यालाच उंबऱ्याबाहेर हो म्हणू? मग दयानंद गेला कशासाठी? आणि तुझंही खोटं नव्हतं. तू म्हणायचीस, याचं तोंड बघितलं की एवढंच दिसतं, हा हाय आणि माझा माणूस न्हाई. वर्षश्राद्धाला आलीस, पंगतीत आसिफ वाढताना दिसला आणि तशीच अहमदपूरच्या एसटीत जाऊन बसलीस. शिवांगी खिडकीतून हात हलवत होती. मी स्टँडवर लोकांसमोर रडले गं. कधी कुणासमोर रडले नव्हते, त्या दिवशी रडले.

आता जे सांगायचं ते सांगते. मी तिकडं जाऊन आले. त्या धबधब्याला. नाव लिहीत नाही, घरात ते नाव मी कुणाला घेऊ देत नाही.

तुला ठाऊक आहे, दयानंद आणि त्याचे दोस्त दरसाल दिवाळी झाली की जायचे. यंदा त्यांच्यातला शिवप्पा आला आणि म्हणाला, "काकू, फिरायला न्हाई, फुलं सोडायला जाऊन येतो आम्ही." मी म्हणाले, मी पण येते.

"काकू, तुम्हाला सोसायचं न्हाई."

"अरे, मला न्हाई सोसायचं तर कुणाला सोसायचं? जन्म कुणी दिलता त्याला, तू का?"

मग त्यानं जीप सांगितली. आसिफ मात्र ऐकेना. दुकान उघडं टाकून आला, मोटार वाइंडिंगच्या तारेनं हात काळे झालेले, तसेच जोडले. "काकू, नका येऊ. मी तुमच्या पाया पडतो." मला वाटलं, जिथं स्वतः बुडता बुडता वाचला ती जागा याला बघवायची नाही. मी म्हणाले, मग तू नको येऊ. तर म्हणतो, तुम्ही जाणार असाल तर मला यावंच लागंल.

भोकर, हिमायतनगर करत जीपनं पैनगंगेपर्यंत गेलो. पुढं गाडीवाट नाही, काठाची पायवाट लई अवघड, म्हणून होडीनं जायचं. पत्र्याची लांबट होडी, बसायला फळ्या. ग्यानोबा नावाचा म्हातारा भोई बांबूनं रेटत होता. दोन्हीकडं सागाचं रान, मधे मधे बांबूची बेटं, पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. खोटं कशाला बोलू, लई सुंदर जागा आहे. आणि सुंदर वाटली म्हणून मला माझाच राग आला. माझ्या लेकराला गिळणारं पाणी, आणि मी म्हातारी बघत काय बसले!

होडी जरा पुढं गेली आणि ग्यानोबानं बोलायला सुरुवात केली. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत असणार, पाठ झाल्यासारखं बोलत होता. आम्ही कोण, त्याला काय माहीत!

"चपला काढा, फळीखाली ठिवा. तिकडं खडकावर शेवाळ हाय. पाण्यात पडली कुणाची चप्पल तर पडू द्या, बाजारात दुसरी मिळती. मागल्या साली एक जण चपलेमागं गेला बगा. नवी होती, बायकोनं घेतलेली म्हनं. दोस्त काठावरून वरडून राहिले, जाऊ दे, जाऊ दे. त्यो हासत हासत शिरला. गुडघाभर हाय वाटतं, अन् पुढं एकदम कपार. म्या होडी घेऊन येईस्तोर खलास."

शिवप्पा ओरडला, "मामा, गप बसा!"

"गप कशाला बसू? जिवाचं काम हाय. म्या समद्यालाच सांगतो."

मी आसिफकडं बघितलं. त्यानं डोकं गुडघ्यात घातलं होतं. माझा हात हातातल्या फुलांच्या पिशवीवर एवढा आवळला गेला की झेंडूचा चोथा झाला.

समीक्षा, पाणी पिऊन ये.

धबधब्यापाशी उतरलो. आवाज एवढा की शेजारच्याचं ऐकू येत नाही. मी आसिफला धरून लांब झाडाखाली नेलं आणि सरळ विचारलं, "तू पाण्यात पडलतास का?"

"न्हाई काकू."

"दयानंद तुला काढायला आलता का?"

"न्हाई काकू. मला पोहायला येत न्हाई, मी पाण्याजवळ जातच न्हाई. मी काठावर हुतो. टॉवेल फेकला. पुरला न्हाई." आणि असा रडला, असा रडला गं, बापाच्या मयतीला पण हा पोरगा असा रडला नव्हता.

"मग ही गोष्ट काढली कुणी?"

"मीच."

मग सांगितलं त्यानं. दयानंद सापडत नव्हता म्हणून माणसं बोलवायला आसिफ काठाच्या पायवाटेनं वर सडकेपर्यंत पळत गेला. दयानंदचा फोन आसिफच्याच खिशात होता. सडकेवर रेंज आली आणि फोन वाजला. तुझा होता. आठवतो का तुला? त्यानं उचलला. तू ऐकलंच नाहीस कोण आहे ते, आपली हसत म्हणालीस, "काय हो, चप्पल चावत तर न्हाई ना? दोस्तांनी बघितली का?" त्यानं फोन बंद केला.

दिवाळीला लातूरला गेलीस तेव्हा गंजगोलाईच्या बाजारातून आणलेली ती चप्पल. त्यातलीच एक पाण्यात घसरली होती.

आसिफ म्हणाला, "काकू, चपलेपायी गेला म्हनलं असतं तर भाभी जल्मभर स्वतःलाच खात बसल्या असत्या. म्हून मी सगळ्यांना सांगितलं, माझ्यापायी गेला. शिवप्पाला अन् बाकीच्यांना कसम घातली. भाभींनी माझा राग केला तर मी सोसीन. मला सोसता येतो."

मला पण कसम घालत होता, भाभीला सांगू नका म्हणून. त्यानं घातली, मी घेतली नाही.

खरं सांगू? पहिल्यांदा मला त्याचाच राग आला. माझा पोरगा कुणाला तरी जीव देऊन गेला, या एका गोष्टीवर मी वर्ष काढलं होतं. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, वाघासारखा पोरगा होता. मी मान वर करून ऐकायची. आणि आता काय? चप्पल! मी तिथंच खाली बसले. दयानंद समोर असता तर दोन थोबाडीत दिल्या असत्या, मूर्खा, चप्पल मोठी का तू मोठा? कुणाला देऊ आता? फुलांचा चोथा पाण्यात सोडला आणि परत आले.

घरी आल्यापासून विचार करून राहिले. तुला सांगावं की नाही? न सांगावं तर आसिफचं काय? वर्षभर बाजारात लोक त्याच्याकडं बोट करतात, ह्याच्यापायी गेला बघ. तू त्याच्या तोंडावर म्हणालीस, "तूच का न्हाई बुडालास?" तेव्हा मी चुलीपाशी होते. तो काय म्हणाला आठवतं? "हाव भाभी, बरोबर हाय तुमचं." हे म्हणाला आणि शिवांगीच्या सायकलची चेन बसवून गेला. हे सगळं कळल्यावर मी गप्प बसले तर मी कसली माणूस!

आणि सांगावं, तर तुझं काय. हे वाचताना तुझं काय होत असेल, मला कळत नाही असं समजू नको. मी शेजारी असते तर तुला पोटाशी धरलं असतं. लेकरा, ऐक. चप्पल घेतलीस यात तुझा काडीचाही दोष नाही. नवऱ्याला हौसेनं वस्तू घ्यायची नाही तर कुणाला घ्यायची? तू आणलेली वस्तू वाहून जाऊ द्यायला त्याचं मन होईना, तेवढा एक क्षण तो वेडा झाला. मी त्याची आई आहे. मी सांगते, तुझा दोष नाही. रोज स्वतःला खायला लागशील तेव्हा हे पान काढ आणि परत वाच. आणि ते नाही पुरलं तर इथं ये, माझ्यावर ओरड, भांडी आपट. मी ऐकून घेईन.

शिवांगी शाळेत सांगते, माझे बाबा एका काकाला वाचवताना गेले. तिला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव. मी मधे तोंड घालणार नाही.

यायचं की नाही, तेही तूच ठरव. माहेरी राहावंसं वाटत असेल तर खुशाल राहा, शिकायचं म्हणत होतीस तर शीक, मी नाही म्हणायची नाही. पण आता येणार नसशील तर तुझं कारण सांगून राहा. त्याचं नाव पुढं करू नको.

आत्ता आसिफ अंगणात आहे, विहिरीची मोटार खोलून बसलाय. कुणाला लिहिताय म्हणून विचारलं. समीक्षाला, म्हटलं. त्याचा चेहरा पडला. काय लिहिताय, हे विचारायची हिंमत झाली नाही. दर वेळी म्हणतो तेच खाली मान घालून म्हणाला, "भाभीला माझा सलाम सांगा." तू गेल्यापासून तो हे सांगतोय आणि तुला आवडायचं नाही म्हणून मी एकदाही तुझ्यापर्यंत पोचवलं नाही.

आज पोचवते. आसिफचा तुला सलाम.

उत्तर मला पाठवू नको, त्याला पाठव.

तुझी,
आई